सिक्वेन्सरचं बीटा फर्मवेअर तपासायचं कसं, आणि नवी सोय सुचवायची कशी?

प्रश्न थोडक्यात असा: युरोरॅकमधल्या (सुट्या मॉड्यूलच्या सिंथेसायझरमधल्या) एका खुल्या फर्मवेअरच्या, म्हणजे आतला प्रोग्रॅम सर्वांना खुला असलेल्या, सिक्वेन्सरसाठी (स्टेप ठरलेल्या क्रमाने वाजवणाऱ्या मॉड्यूलसाठी) विकसकाने चाचणी आवृत्ती काढली आहे आणि "वापरून बघा, कळवा" असं म्हटलं आहे. मग नेमकं काय बघायचं, कशाने मोजायचं? आणि तालाच्या अंगाने, म्हणजे रूपक, झपताल, तिहाई असं काही हवं असेल, तर विकसक मनावर घेईल अशा रीतीने ते कसं मांडायचं?

"तासभर वाजवलं, काही अडचण नाही" हा निरोप विकसकाच्या कामाचा नसतो. तासभर त्यानेही वाजवलेलं असतं. चुका राहतात त्या सांध्यांवर: क्लॉक (पुढच्या स्टेपवर नेणारी पल्स) आणि रिसेट (पहिल्या स्टेपवर परत आणणारी पल्स) एकदम आले तेव्हा, वाजता वाजता सेव्ह केलं तेव्हा, पॅटर्न बदलायच्या क्षणी लांबीही बदलली तेव्हा. सोय सुचवतानाही तेच. हवं काय ते सगळेच एका वाक्यात सांगतात. पण या सांध्यांवर ती सोय कशी वागावी हे क्वचितच कुणी लिहितं, आणि विकसकाचा वेळ जातो तो तिथेच.

फ्लॅश करण्याआधी, म्हणजे नवं फर्मवेअर मॉड्यूलमध्ये भरण्याआधी

सध्याच्या फर्मवेअरचा आवृत्ती क्रमांक लिहून ठेवा आणि त्या आवृत्तीची फाइल जवळ असू द्या. "हे नव्या आवृत्तीत बिघडलंय" की "हे आधीपासूनच असं आहे" एवढं जरी खात्रीने सांगता आलं तरी शोध निम्म्यावर येतो, कारण मग दोन आवृत्त्यांमध्ये बदललेलाच कोड चाळावा लागतो. म्हणून मागे जायची वाट उघडी ठेवायची. एसडी कार्ड असेल तर अख्खं कार्ड संगणकावर उतरवून घ्या. नव्या फर्मवेअरने सेव्ह केलेली फाइल जुन्याला वाचता येईलच असं नाही, तेव्हा चाचणीसाठी वेगळं कार्ड वापरलेलं बरं.

कॅलिब्रेशन (आउटपुटचं व्होल्टेज अचूक जुळवणारे आकडे) कुठे साठवलं जातं ते मॅन्युअलमध्ये बघा. काही मॉड्यूलमध्ये ते बाकीच्या सेटिंगसोबत एकाच जागी असतं आणि आवृत्ती बदलताना पुसलं जातं. आकडे पडद्यावर दिसत असतील तर फोनने फोटो काढून ठेवा, काम संपलं. मॉड्यूल रॅकमधून बाहेर काढलं असेल तर परत लावताना रिबन केबलची लाल कड −१२ व्होल्टच्या बाजूला आहे ना ते बघा. उलट्या केबलने जे होतं त्याला कुठलंही फर्मवेअर जबाबदार नसतं.

एकाच हार्डवेअरवर अनेक घराण्यांची फर्मवेअर चालतात, तिथे नाव नीट सांगा. ऑर्नामेंट अँड क्राइम (ओ अँड सी) या मॉड्यूलचं उदाहरण घ्या: मूळ फर्मवेअर, हेमिस्फिअर आणि फाझरव्हिल ही तिन्ही वेगळी आहेत. "ओ अँड सी वर क्वांटायझर अडकतो" एवढ्यावरून कुणालाच काही कळत नाही.

मोजायला काय लागतं

वेळ कानाने मोजू नका. एका मिलिसेकंदाचा फरक ऐकू येत नाही, पण तेवढ्यात अख्खी स्टेप गिळली जाऊ शकते.

सर्वांत स्वस्त आणि पुरेसा उपाय म्हणजे दोन चॅनेलचं रेकॉर्डिंग. क्लॉक मल्टिपलमधून (एक सिग्नल अनेक तारांत वाटणाऱ्या भागातून) दोन ठिकाणी न्या: एक तार सिक्वेन्सरला, दुसरी ऑडिओ इंटरफेसच्या पहिल्या इनपुटला. सिक्वेन्सरचा गेट (नोट चालू असेपर्यंत वर राहणारं व्होल्टेज) दुसऱ्या इनपुटला लावा. मधे अ‍ॅटेन्युएटर (सिग्नल कमी करणारा भाग) ठेवा, कारण युरोरॅकचा १० व्होल्टचा गेट लाइन इनपुटला सहज क्लिप करतो. ४८ किलोहर्ट्झवर एक सॅम्पल म्हणजे ०.०२१ मिलिसेकंद, ऑडॅसिटीसारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये झूम केलं की क्लॉकची कड आणि गेटची कड यांतलं अंतर सॅम्पलमध्ये मोजता येतं. साध्या इंटरफेसच्या इनपुटला कपॅसिटर असतो, त्यामुळे गेटचा सपाट माथा उतरता दिसेल. त्याकडे लक्ष देऊ नका, कड जागच्या जागी असते. मात्र अशा इनपुटवर व्होल्टेज मोजायला जाऊ नका. त्यासाठी डीसी कपल्ड (स्थिर व्होल्टेजही जाऊ देणारा) इंटरफेस किंवा स्कोप (ऑसिलोस्कोप) लागतो.

सिक्वेन्सरला आठ गेट असतील आणि ते सगळे एकदम बघायचे असतील तर आठ चॅनेलचा स्वस्त लॉजिक अ‍ॅनलायझर (अनेक सिग्नल कधी चालू-बंद होतात ते टिपणारं यंत्र) आणि पल्सव्ह्यू हा मोफत प्रोग्रॅम उत्तम. पण त्या अ‍ॅनलायझरचे इनपुट साधारण ५ व्होल्टपर्यंतच सहन करतात. प्रत्येक चॅनेलला १० किलोओहमचा रेझिस्टर मालिकेत आणि ८.२ किलोओहमचा ग्राउंडला लावा: १० व्होल्टचे ४.५ होतात, ५ व्होल्टचे २.२५, म्हणजे दोन्ही "हाय" म्हणून वाचले जातात. शिवाय एक शॉटकी डायोड (बीएटी८५ चालेल) ॲनोड ग्राउंडला आणि कॅथोड इनपुटला असा लावा, म्हणजे चुकून ऋण व्होल्टेजची तार लागली तरी अ‍ॅनलायझर सुरक्षित राहतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात पासोड्या विठोबाजवळ हे भाग सहज मिळतात.

मल्टिमीटरबद्दल एक सावधगिरी. एक व्होल्ट म्हणजे एक सप्तक, तर एक सेमीटोन ८३.३ मिलिव्होल्टचा आणि एक सेंट ०.८३ मिलिव्होल्टचा. ०.५ टक्के अचूकतेचा साधा मीटर ५ व्होल्टला २५ मिलिव्होल्टपर्यंत चुकू शकतो, म्हणजे ३० सेंट. अशा मीटरवर "पाचवं सप्तक २० सेंटने उतरलंय" असा निष्कर्ष काढता येत नाही. फरक बघायला, म्हणजे जुन्या आणि नव्या फर्मवेअरला तोच स्वर देऊन आकडा बदलतो का हे पाहायला, तोच मीटर पुरतो.

स्वर उतरलेला दिसला तर आधी तार काढून मोजा. आउटपुटला १ किलोओहमचा रेझिस्टर असेल, त्याची भरपाई सर्किटमध्ये केलेली नसेल आणि पुढच्या मॉड्यूलचा इनपुट १०० किलोओहमचा असेल, तर प्रत्येक सप्तकामागे सुमारे १० मिलिव्होल्ट, म्हणजे १२ सेंट जातात. साध्या मल्टिपलमधून दोन ऑसिलेटर जोडले की जवळजवळ दुप्पट, साडेतेवीस सेंट. तार काढल्यावर आकडा वर येत असेल तर दुखणं हार्डवेअरच्या जोडणीचं आहे. ते फर्मवेअरच्या माथी मारू नका.

क्लॉक आणि रिसेट

निम्म्याहून जास्त वेळ इथेच घाला.

पहिली चाचणी रिसेटच्या शर्यतीची. क्लॉक डिव्हायडरमधून क्लॉक आणि रिसेट दोन्ही घेतले तर ते एकाच क्षणी निघतात असं आपण धरतो, पण प्रत्यक्षात एक थोडा आधी पोचतो. रिसेट आधी आला तर सिक्वेन्सर पहिल्या स्टेपवर जातो आणि पाठोपाठचा क्लॉक त्याला लगेच दुसऱ्यावर ढकलतो: सम गेली. क्लॉक आधी आला तर पुढची स्टेप क्षणभर वाजते आणि मग रिसेट पहिल्यावर आणतो: एक आखूड, फालतू गेट बाहेर पडतो, आणि ड्रम मॉड्यूल असेल तर ठोका दोनदा ऐकू येतो. यावर व्हीसीव्ही रॅकच्या व्होल्टेज नियमांत सरळ उपाय दिला आहे: रिसेटनंतर १ मिलिसेकंदापर्यंत आलेला क्लॉक दुर्लक्षित करावा. हार्डवेअरमध्ये प्रत्येकजण आपापली मुदत ठरवतो.

तपासायचं असं. डीसी कपल्ड इंटरफेसमधून क्लॉक आणि रिसेट या दोन पल्स स्वतः तयार करा आणि रिसेट क्लॉकच्या तुलनेत −५, −२, −१, −०.५, ०, ०.५, १, २, ५ मिलिसेकंद असा सरकवा. ४८ किलोहर्ट्झवर अर्धा मिलिसेकंद म्हणजे २४ सॅम्पल. प्रत्येक अंतराला निदान २० फेऱ्या घ्या आणि पहिली स्टेप किती वेळा बरोबर वाजली ते लिहा. काही इंटरफेसचा आउटपुट ५ व्होल्टपर्यंत पोचतच नाही. तसं असेल तर मधे सिग्नल वाढवणारं मॉड्यूल लावा, नाहीतर क्लॉक ओळखलाच जाणार नाही आणि तुम्ही भलतीच चूक कळवाल.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. रिसेट आल्याबरोबर पहिली स्टेप वाजवणं आणि रिसेटनंतरच्या पुढच्या क्लॉकला पहिली स्टेप वाजवणं, दोन्ही पद्धती रास्त आहेत. कुठली निवडली आहे ते मॅन्युअलमध्ये असतं. चूक म्हणायची ती कधी असं तर कधी तसं वागलं तर.

मिडीवरून (वाद्यांमधल्या संदेशांच्या प्रमाणित पद्धतीवरून) चालवत असाल तर नियम पक्का आहे: स्टार्टचा संदेश आल्यावर लगेच वाजायचं नाही, त्यानंतर येणारा पहिला क्लॉक बाइट म्हणजे पहिला ठोका. स्टार्टवरच वाजणारं फर्मवेअर काही यंत्रांसोबत बरोबर भासतं, कारण ती स्टार्ट आणि क्लॉक पाठोपाठ पाठवतात, आणि दुसऱ्या एखाद्या यंत्रासोबत एक टिक (एक क्लॉक बाइट) पुढे निघतं. म्हणून निदान दोन वेगवेगळ्या मिडी स्रोतांवर तपासा. मिडीत एका ठोक्याला (क्वार्टर नोटेला) २४ क्लॉक, म्हणजे १२० बीपीएमला (मिनिटाला १२० ठोके) दर २०.८ मिलिसेकंदांनी एक. एक टिक चुकली तर कान लगेच टिपतो.

बाहेरच्या क्लॉकची लय एकदम बदलून बघा. दर सोळाव्याला (ठोक्याच्या पाव भागाला) एक पल्स येत असेल तर मधल्या बारीक टिक फर्मवेअरला मागच्या अंतरावरून अंदाजाने काढाव्या लागतात. १२० वरून ६० केलं की अंदाज अर्ध्या वेळात संपतो आणि सिक्वेन्सर वाट बघत थांबतो. ६० वरून १२० केलं की पुढची पल्स अर्ध्यावरच येऊन टपकते. अशा वेळी उरलेले रॅचेट (एकाच स्टेपमधले पटापट पडणारे ठोके) एकगठ्ठा बाहेर पडतात, किंवा गेट खाली यायचा राहून जातो आणि आवाज तसाच धरून राहतो. हा अडकलेला गेट मी सर्वांत गंभीर मानतो, मंचावर तो झाकता येत नाही. क्लॉकची तार मधेच उपटून, पाच सेकंदांनी परत लावूनही बघा.

क्लॉक म्हणून चौकोनी पल्सऐवजी मंद त्रिकोणी एलएफओ (संथ लहर देणारा ऑसिलेटर) द्या. इनपुटला हिस्टेरेसिस (चालू आणि बंद धरण्याच्या पातळ्यांमधलं अंतर) नसेल तर उंबरठ्यापाशी सिग्नल थरथरतो आणि एका चढावर दोन-तीन स्टेप पुढे जातात.

स्विंग, म्हणजे जोडीतला दुसरा सोळावा उशिरा वाजवणं, हा आकडेमोडीचा मामला आहे. ठोक्याला २४ टिकच्या क्लॉकवर दोन सोळाव्यांच्या जोडीत १२ टिक असतात, म्हणजे स्विंग फक्त ५०, ५८.३, ६६.७ अशा पायऱ्यांनीच बदलू शकतो. पडद्यावर ५४ टक्के दिसत असेल आणि रेकॉर्डिंगमध्ये ५० किंवा ५८ निघत असेल तर आत जवळच्या टिकवर बसवणं (राउंडिंग) चाललंय. १९२ टिकवर जोडीत ९६ टिक, पायरी १.०४ टक्क्यांची. ५१ ते ७५ पर्यंत प्रत्येक आकडा मोजायची गरज नाही. ५२, ५५, ६० आणि ६७ पुरेत.

गेट, सीव्ही, रॅचेट

गेट वर जाण्याआधी स्वराचं व्होल्टेज (सीव्ही) जागेवर बसलेलं असायला हवं. उलट झालं तर प्रत्येक नोटेच्या सुरुवातीला मागचा स्वर टिचभर वाजतो, आणि पुढे सँपल अँड होल्ड असेल तर मागचाच स्वर पकडला जातो. स्कोपचा ट्रिगर गेटवर ठेवा, दुसऱ्या चॅनेलवर सीव्ही, आणि एक सप्तकाच्या उड्या मारणारा पॅटर्न चालवा. सगळे ट्रॅक एकाच क्षणी बदलत असताना बघा, कारण डॅकला (आकड्यांचं व्होल्टेज करणाऱ्या चिपला) एकामागून एक आकडे पाठवताना शेवटच्या ट्रॅकच्या वाट्याला उशीर येतो. ट्रॅक १ वर सगळं ठीक म्हणून ट्रॅक ८ वरही ठीक, असं नसतं.

रॅचेटला कमाल लयीवर ताणा. १२० बीपीएमला सोळावा १२५ मिलिसेकंदांचा, त्यात चार रॅचेट म्हणजे ३१ मिलिसेकंद. २४० बीपीएमला आठ रॅचेट केले की एकेकाच्या वाट्याला ७.८ मिलिसेकंद येतात. फर्मवेअरने गेटची किमान लांबी १० मिलिसेकंद धरली असेल तर आठही गेट चिकटून एकच लांब गेट दिसेल. टाय (पुढच्या स्टेपशी जोडलेली नोट) आणि स्लाइड (घसरत जाणारा स्वर) असलेल्या स्टेपवर रॅचेट लावला तर काय होतं तेही बघा. अशा जोड्या कोड लिहिताना बहुधा कुणाच्या मनातच आलेल्या नसतात.

सेव्ह, आणि लांबच्या चाचण्या

पूर्ण भरलेला प्रोजेक्ट जलद लयीत चालू ठेवा आणि सेव्ह करा. फर्मवेअर ज्या फ्लॅश मेमरीतून चालतं त्याच फ्लॅशवर डेटा लिहीत असेल तर पुसण्याच्या काळात प्रोसेसर थांबून राहतो. एसटीएम३२एफ४ या प्रोसेसरच्या मालिकेतला १२८ किलोबाइटचा एक भाग पुसायला सेकंदभर लागू शकतो. एसडी कार्डावर लिहितानाही मधूनच एखादं कार्ड दीर्घ श्वास घेतं. रेकॉर्डिंगमध्ये सेव्हच्या क्षणी क्लॉक आणि गेटमधलं अंतर वाढतं का ते मोजा, आणि कार्डाची कंपनी व आकार अहवालात लिहा.

काउंटर भरून परत शून्यावर येण्याच्या चुका घाईत सापडत नाहीत. ३२ बिटचा मायक्रोसेकंद काउंटर ७१ मिनिटं ३५ सेकंदांनी गुंडाळला जातो. म्हणून ८० मिनिटं अखंड चालवून शेवटची दहा मिनिटं रेकॉर्ड करा. कुठे १६ बिटचा मिलिसेकंद काउंटर वापरला असेल तर तो ६५.५ सेकंदांत भरतो; त्यासाठी दर ७० सेकंदांनी एक पल्स देऊन बघा. ही चाचणी कुणी करत नाही, आणि संथ ड्रोन संगीत करणाऱ्याला नेमकी तीच चूक भोवते.

वेगवेगळ्या लांबीचे ट्रॅकही असेच. ७, ११, १३ आणि १६ स्टेपचे चार ट्रॅक एकत्र सुरू केले तर ते पुन्हा एकत्र येतात १६,०१६ स्टेपनंतर. तेवढं थांबायचं नाही. मधेच रिसेट द्या आणि चारही पहिल्या स्टेपवर एकदम आले का ते बघा. सिक्वेन्सरचा सिम्युलेटर असेल तर अशा तर्काच्या चाचण्या त्यावर पटकन होतात. वेस्टलिश्टच्या परफॉर्मर या आठ ट्रॅकच्या खुल्या सिक्वेन्सरचं फर्मवेअर संगणकावर सिम्युलेटरमध्ये चालतं. एखादी चूक सिम्युलेटरवरही आली तर ती तर्कातली. फक्त मॉड्यूलवर आली तर वेळेची, व्होल्टेजची किंवा हार्डवेअरची. एवढं वर्गीकरण अहवालात दिलं तरी खूप झालं.

अहवाल असा लिहा

नमुन्यादाखल रिसेटच्याच चुकीचा:

"बाहेरच्या क्लॉकवर, रिसेट क्लॉकच्या मागून आला तर पहिल्या स्टेपचा गेट दोनदा येतो. नवा प्रोजेक्ट, ट्रॅक १, लांबी १६, सगळे गेट चालू, गेट ५० टक्के, बाकी मूळ सेटिंग. क्लॉक १२० बीपीएमचे सोळावे, ५ व्होल्ट, पल्स ५ मि.से. रिसेट दर १६ क्लॉकला, क्लॉकच्या १ मि.से. मागून. अपेक्षा: पहिल्या स्टेपला एकच गेट. घडतं ते: आधी १ मि.से.चा गेट, मग खाली येऊन पूर्ण लांबीचा. २० पैकी २० फेऱ्यांत. उशीर ०.५ आणि २ मि.से. केला तरी तेच. रिसेट १ मि.से. आधी ठेवला तर होत नाही. मागच्या स्थिर आवृत्तीत होत नाही. सोबत प्रोजेक्ट फाइल आणि दोन चॅनेलचं १० सेकंदांचं रेकॉर्डिंग."

यात मत नाही, कारणमीमांसा नाही. "मला वाटतं इंटरप्टची प्रायॉरिटी चुकली असावी" असं लिहायचा मोह होतो. कोड वाचलेला नसेल तर तो आवरा. विकसक त्या दिशेने दोन तास घालवू शकतो. पॅच (तारांची जोडणी आणि सेटिंग) जितका लहान करता येईल तितका करा: एक ट्रॅक काढा, चूक राहते का बघा, एक सेटिंग मूळ जागी आणा, पुन्हा बघा. आणि एका अहवालात एकच चूक.

सोय सुचवायची तर

आधी बघा की हवी ती गोष्ट आजच करता येते का. रूपकाच्या ७ मात्रा, मात्रेला ४ स्टेप, म्हणजे लांबी २८. झपतालाच्या १० मात्रांना ४० स्टेप. ६४ स्टेपच्या सिक्वेन्सरमध्ये दोन्ही आरामात बसतात, तीनताल तर नेमका ६४ मध्ये. ३+२+२ किंवा २+३+२+३ असे विभाग दुसऱ्या ट्रॅकवर अ‍ॅक्सेंट म्हणून टाकता येतात. म्हणजे "भारतीय तालांची सोय द्या" ही मागणी तिथेच बाद होते. "विभाग पडद्यावर दिसत नाहीत, २८ स्टेपमध्ये बोट कुठल्या मात्रेवर आहे ते कळत नाही" ही मात्र खरी अडचण आहे आणि तिचा उपाय लहान आहे: स्टेपच्या रांगेत विभागाच्या खुणा. इथे एक बारकावा विकसकाला मुद्दाम सांगावा लागेल. पहिल्या स्टेपला आपोआप जोर देणं रूपकात चालत नाही, कारण रूपकाची सम खालीवर असते.

तिहाई मात्र बहुतेक सिक्वेन्सरमध्ये हाताने एकेक स्टेप भरल्याशिवाय होत नाही. ती सुचवायची तर संगीताची ओळख करून देण्यात परिच्छेद घालवू नका, आकड्यांत मांडा. एक तुकडा तीनदा वाजतो आणि तिसऱ्या वेळचा शेवटचा ठोका लक्ष्याच्या स्टेपवर पडतो. तीन आकडे लागतात: तुकड्याची लांबी, दोन तुकड्यांमधली विश्रांती, लक्ष्य. लक्ष्याच्या किती आधी सुरुवात करायची? तीन लांब्या अधिक दोन विश्रांती वजा एक. तीनतालात एका मात्रेला एक ठोका धरून पडताळा: लांबी ३, विश्रांती ०, तर ८ मात्रा आधी, म्हणजे नवव्या मात्रेपासून, आणि नववा ठोका समेवर. लांबी ५, विश्रांती १, तर १६ मात्रा आधी, म्हणजे समेपासून निघून पुढच्या समेवर पंधरावा ठोका. अशी दोन सोडवलेली उदाहरणं दिली की विकसकाला तीच चाचणी म्हणून कोडमध्ये टाकता येतात.

मग सांधे. बटण उशिरा दाबलं आणि सुरुवातीची जागा निघून गेली असेल तर पुढच्या आवर्तनाची वाट बघायची. तिहाई चालू असताना रिसेट आला तर ती रद्द, सिक्वेन्सर सरळ पहिल्या स्टेपवर. तिहाई अख्ख्या आवर्तनापेक्षा लांब झाली तर ती मागच्या आवर्तनात सुरू व्हायला हवी. हे अवघड वाटत असेल तर पहिल्या आवृत्तीत अशा लांब्या सरळ नाकारल्या तरी चालेल, असं लिहून टाका. मधेच पॅटर्न बदलला तर तिहाई पुरी होऊ द्यायची की तोडायची? माझं मत तोडावी, कारण लक्ष्य जुन्या पॅटर्नच्या लांबीवर मोजलेलं असतं. तिहाई चालू असताना मूळ ट्रॅकच्या नोटा गप्प राहतील, पण त्याची स्टेप मोजणी आत चालूच राहील. नाहीतर तिहाई संपल्यावर ट्रॅक भलत्याच जागी उतरेल.

मेमरीचा हिशोबही तुम्हीच करून द्या. प्रत्येक स्टेपला एक बाइट वाढवला तर ६४ स्टेप, ८ ट्रॅक, १६ पॅटर्न मिळून ८,१९२ बाइट होतात. एसटीएम३२एफ४०५ मध्ये एकूण १९२ किलोबाइट रॅम आणि त्यातली बरीचशी आधीच भरलेली, तेव्हा हा भार लहान नाही. तेच तीन आकडे पॅटर्नमधल्या प्रत्येक ट्रॅकला दिले तर ३८४ बाइटमध्ये भागतं. आणि मूळ किंमत शून्य, म्हणजे बंद, अशी असावी: जुने प्रोजेक्ट उघडल्यावर त्यांच्या वाजण्यात तसूभरही फरक पडता कामा नये. याच कारणाने मी स्टेपला नवा गुणधर्म जोडणाऱ्या सूचनांच्या बाबतीत कंजूष आहे.

बटण कुठलं, हे सुचवा पण हट्ट धरू नका. पॅनेलवर मोकळं बटण नसतं. शिफ्टसोबतच्या कुठल्या जोड्या रिकाम्या आहेत ते मॅन्युअलच्या तक्त्यात बघून एखादी सांगा.

दुसरी नेहमीची मागणी स्वरांची. समविभाजित शुद्ध गंधार ४०० सेंटवर असतो, तंबोऱ्याशी जुळणारा ५/४ चा गंधार ३८६.३ वर. फरक १३.७ सेंट, म्हणजे ११.४ मिलिव्होल्ट. मागणी "श्रुती द्या" अशी न करता "प्रत्येक स्वर सेंटमध्ये बसवता येईल अशी स्केल, शक्यतो स्काला फाइल (स्केल लिहून ठेवायची प्रचलित फाइल) वाचून" अशी करा; मग ती तुर्की मकाम वाजवणाऱ्यालाही उपयोगी पडते आणि पाठिंबा वाढतो. आधी डॅक किती बिटचा आहे ते बघा. १० व्होल्टच्या पल्ल्यावर १२ बिटची एक पायरी २.४४ मिलिव्होल्टची, जवळजवळ ३ सेंट. १६ बिटची ०.१५ मिलिव्होल्ट. १२ बिटवर गंधार दीड सेंटच्या आतबाहेर बसेल, ते बहुतेकांना चालतं, पण अपेक्षा तेवढीच ठेवावी. आणि षड्ज हलवला की सगळे स्वर सारख्या व्होल्टने सरकले पाहिजेत, स्केल जागीच राहून नुसती सुरुवातीची नोट बदलता कामा नये, हे स्पष्ट लिहा. मींडेसाठी स्लाइडची वेळ स्टेपच्या टक्केवारीत मागा; मिलिसेकंदांतली वेळ लय बदलली की चुकते.

विकसकाने चाचणीची शाखा (कोडची वेगळी प्रत) काढली की आधी स्वतः लिहिलेले सांधेच त्याच क्रमाने तपासा आणि प्रत्येकापुढे "होतं" किंवा "होत नाही" एवढंच लिहून पाठवा. संगीत कसं वाटलं ते वेगळ्या निरोपात.